सत्यभामाबाईच्या डोक्यावरची पिशवी

देवाजीला गोल्फ खेळता येतं, हे गावात बरीच वर्षं कोणाला खरंच वाटत नव्हतं. खरं वाटलं तेव्हा लोक हसले.

तुमसरकडच्या एका मँगनीजच्या खाणीवर साहेब लोकांचा क्लब होता. क्लबाच्या मागे गोल्फचं मैदान होतं. मैदान कसलं, चराईचीच जमीन ती. पण तिच्यात जागोजागी वाळू पसरून, वाळूत इंजिनाचं जळकं तेल कालवून, सपाट चौक केलेले होते. चौकाच्या मधोमध भोक आणि भोकात झेंडी. लांबून काठीनं चेंडू मारत मारत आणायचा आणि त्या भोकात घालायचा, असा तो खेळ. हे चौक राखायला देवाजी होता. पावसानं वाळू वाहिली की नवी टाकायची, तेल द्यायचं, फळीनं सारखं करायचं. साहेब खेळत, देवाजी बघे. बघता बघता त्याच्या हाताला खेळ समजला. एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्यानं आपल्या जुन्या काठ्या कॅनव्हासच्या लांबोळक्या पिशवीसकट देवाजीच्या खांद्यावर अडकवल्या. "रख ले देवाजी. मेरे बाद भी खेलना," म्हणाला.

सत्यभामाबाईनं ती पिशवी पाहिली आणि विचारलं, "हे काय आणलं वो? लोहाराकडून आणलं का?"

"खेळाच्या काठ्या होत."

"नातवाले खेळवाचे दिवस आले आन् तुमाले विटीदांडू सुचला बाप्पा."

पण बोलली तेवढंच. देवाजी चांगला माणूस होता. गळ्यात माळ होती. मोहफुलांच्या दिवसांत घराघरांत दारूचा वास सुटायचा, पण तो कधी त्या वाटेला गेला नाही. खाणीवरचे सोबती त्याला 'महाराज' म्हणून चिडवत. अशा माणसानं एखादी काठी घेऊन हौस केली तर बाईनं किती बोलावं?

मग त्याला साखरेची बिमारी लागली. आधी नुसती तहान. माठ संपायचा, पण तहान संपायची नाही. परसात लघवी केली तिथं मुंग्यांची रांग लागलेली सत्यभामाबाईनंच पाहिली आणि त्याला खाणीच्या दवाखान्यात धाडलं. डॉक्टरबाईंनी इन्सुलिनची सुई लिहून दिली, भात कमी करायला सांगितला आणि म्हणाल्या, "रोज सकाळी चालायचं. पायात जोडे घालून. कितीही कंटाळा आला तरी."

एकोणऐंशी साली देवाजी रिटायर झाला आणि दोघं खाणीची खोली सोडून गावच्या घरी आली. गाव खाणीपासून दीड कोस. तिथं चालण्याची अडचण झाली. खेड्यात माणूस एक तर धानाच्या बांधीत जातो, नाहीतर बाजाराला. नुसताच जाऊन रिकाम्या हातानं परत येणारा माणूस कोणी पाहिलेला नसतो. चार दिवस देवाजी फिरला. पाचव्या दिवशी पारावरून कोणी विचारलंच, "काहून देवाजी, गाय हारपली का? रोज हुडकून राह्यला."

देवाजीनं फिरणं सोडलं. पायाला मुंग्या येऊ लागल्या, डोळ्यांपुढं धुकं धरू लागलं. डॉक्टरबाई रागावल्या. तेव्हा सत्यभामाबाईच म्हणाली, "तुमी मंग त्या काठ्या घेऊन जा ना मैदानावर. रिकाम्या हातानं कायले जाता?"

क्लबाच्या लोकांनी ओळख ठेवली. साहेब यायच्या आधी, सकाळी सकाळी खेळून जा म्हणाले. देवाजी पुन्हा हसू लागला. पण काठ्या न्यायच्या कशा, हे कोडंच होतं. पिशवी क्लबात ठेवायची तर तिथं वाळवी. खांद्याला अडकवून नेली तर सगळा भार एका अंगावर यायचा. उजव्या पायाच्या अंगठ्याला जोडा चावला तो त्याला कळलाही नाही, मोजा रक्तानं चिकटला तेव्हा सत्यभामाबाईला दिसलं. ती जखम भरायला अख्खा हिवाळा गेला. डॉक्टरबाईंनी बजावलं, पुन्हा असं झालं तर पाय काढावा लागेल, ओझं अजिबात उचलायचं नाही.

सुताराकडून दोन चाकांची गाडी करून घेतली. मुरमाच्या रस्त्यावर ती छान धावायची. धानाच्या बांध्यांमधून जाताना धुऱ्याच्या उंचवट्यावर आडवी पडायची. सायकलच्या दांडीला पिशवी बांधून पाहिली. एक दिवस नाल्यावरच्या पुलियाजवळ त्याला भोवळ आली आणि तो सायकलसकट पडला. नशीब, सत्यभामाबाई मागून बाजाराला निघालेली होती. तिनं पाहिलं तर अंग घामानं थबथबलेलं, हात कापत होते आणि हा काहीतरी भलतंच बोलत होता. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं तिच्या लक्षात होतं. सुई घेतल्यावर पोटात अन्न पडलं नाही, किंवा श्रम जास्त झाले, तर साखर एकदम उतरते. लगेच गोड द्यायचं. गूळ बाजाराच्या थैलीतच होता.

"तोंड उघडा."

"मी बरा आहो. सर तिकडे. मले कायले गूळ चारून राह्यली?"

तेच तर वाईट होतं त्या बिमारीचं. साखर उतरली की देवाजीला स्वतःला समजत नसे, उलट तो भांडायचा. एरवी बायकोला उलटून न बोलणारा माणूस, त्या वेळी गूळ थुंकून द्यायचा. सत्यभामाबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि लेकराला औषध पाजावं तसा गूळ भरवला. थोड्या वेळानं तो उठून बसला आणि विचारू लागला, "मी पडलो होतो का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पिशवी उचलायला हात घातला, तर सत्यभामाबाई चुंबळ करून उभी.

"द्या इकडे. मी नेतो डोक्शावर."

"तू? लोक काय म्हणतीन?"

"भाऱ्याले भारा. धानाचा असला काय आन् काठ्याचा असला काय. तुमी पुढं चाला, मी मागून पाहात येतो."

त्या दिवसापासून तेच चालू झालं. पुढं देवाजी, पायात कॅनव्हासचे जोडे. मागे सत्यभामाबाई, डोक्यावर आडवी पिशवी, पिशवीच्या तोंडातून काठ्यांची लोखंडी डोकी बाहेर आलेली, पदराच्या गाठीत गूळ. मैदानावर ती पळसाखाली बसून नाम घेत राही आणि नजर देवाजीच्या मानेवर ठेवी. मानेवर घाम चमकला की उठायची. गूळ खाल्ला की तो पुन्हा खेळे. कधी चेंडू नीट गेला की वळून बघे आणि ती मान हलवी. तिला खेळातलं काही कळत नव्हतं. चेंडू गेला की मान हलवायची, एवढं तिनं ठरवून टाकलेलं होतं.

तीन-चार वर्षं गेली. पायाला पुन्हा जखम झाली नाही. रुखमिणी, त्यांची मुलगी, बाळंतपणाला आली तेव्हा म्हणाली, "बाबा आधीपेक्षा बरे दिसून राह्यले, माय." सत्यभामाबाईनं लगेच देवापुढं हात जोडले. चांगलं झालेलं मोठ्यानं बोलू नये, असं तिला वाटे.

लोक मात्र हसायचे ते हसायचेच. बायकोच्या डोक्यावर ओझं आणि नवरा मोकळ्या हातानं पुढं, तोही खेळायला. खाणीवर जाणारी माणसं सायकली हळू करून बोलायची. देवाजी ऐकून न ऐकल्यासारखं करी. पण ऐकत होता.

त्या साली पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले. झडत्या, म्हणजे तोरणाखाली म्हणायची चिमटे काढणारी गाणी, सुरू झाल्या. आमच्याकडे पोळ्याला कोणी कोणाला सोडत नाही; पाटलालाही झडतीत ओढतात आणि पाटलालाही हसावं लागतं. शेजारचा खुशाल झडत्या जुळवण्यात पटाईत. तो पुढं झाला आणि हात वर करून म्हणाला,

"आंब्याच्या झाडाले आला मोहर,
देवाजीचा दांडू नेते बायको डोक्यावर.
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव."

सगळा पोळा हसला. देवाजीही हसला. सत्यभामाबाई बायकांत उभी होती. तिनं त्याचं हसणं पाहिलं आणि तिला ते आवडलं नाही. तोंड हसत होतं, हात माळेशी चाळा करत होता.

घरी आल्यावर म्हणाली, "खुशालच्या बोलण्याचं मनावर नोका घेऊ. गंमत होती."

"मी कुठं घेतलं?"

"उद्या पाऊस नसला तर जाऊ आपण."

"पाहू."

दुसऱ्या दिवशी कर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पहाटेच मारबतीचा पुतळा नेतात. घरातली रोगराई, किडामुंगी शिवेबाहेर घालवायची म्हणून. नंतर दिवसभर मटण आणि दारू. सत्यभामाबाईनं सुई उकळून ठेवली, बासी भात कांदा घालून परतला, ताटावर ताट झाकलं आणि बायकांबरोबर शिवेवर गेली. येताना देवळात थांबली. देवापाशी तिनं नेहमीचंच मागितलं.

ऊन चढल्यावर परत आली तर ताट तसंच झाकलेलं. सुईची वाटी ओली होती, म्हणजे सुई घेतलेली होती. सायकल नव्हती. खुंटीवर पिशवी नव्हती.

तिनं गुळाचा खडा घेतला आणि पळत सुटली. वयाच्या मानानं ती फारच पळाली. गावाबाहेर तिला सायकलीवर दोघं-तिघं भेटले. सकाळपासूनच चढवलेली. त्यातला एक हसून म्हणाला, "हळू चाल वो काकू. महाराज कुठं पळून नाई जात. पुलियापाशी पडून आहेत. आज त्यायनं बी कर केली."

"कोण?"

"तुमचे माळकरी. आमी उठवाले गेलो तं शिव्या देऊन राह्यले. म्हटलं झोपू द्या. उतरन तवा येतीन घरी."

"कवापासून?"

त्यांना आठवेना. सकाळपासून त्या वाटेनं किती माणसं गेली होती, देव जाणे. प्रत्येकानं पाहिलं. कोणी हसलं, कोणी हळहळलं, की एवढा देवमाणूस, शेवटी मोहानं गाठलाच. एका भल्या माणसानं ऊन लागू नये म्हणून त्याच्या तोंडावर त्याच्याच खांद्यावरचा दुपट्टा टाकला होता.

सत्यभामाबाईनं दुपट्टा काढला. काठ्या चिखलात पसरल्या होत्या. दात घट्ट मिटलेले. तिनं बोटानं गूळ आत सारायचा प्रयत्न केला, गाल चोळले, नाव घेऊन हाका मारल्या. नवऱ्याचं नाव तिनं आयुष्यात पहिल्यांदा घेतलं ते असं, पुलियाजवळ, चिखलात बसून.

करीच्या दिवशी आमच्या गावात बैल जुंपत नाहीत. पोळा झाल्यावर त्यांना विसावा असतो. ती गावात येऊन रडत सांगू लागली तेव्हा लोक एकमेकांकडे पाहू लागले. खुशालनं मात्र कोणाकडे पाहिलं नाही. कालचे रंगवलेले, शिंगांना बेगड लावलेले बैल त्यानं सोडले आणि छकड्याला जुंपले. खाणीच्या दवाखान्यापर्यंत तो बैल हाकत राहिला.

डॉक्टरबाईंनी शिरेतून साखर दिली. खूप दिली. "लवकर आणायला हवं होतं," म्हणाल्या. मग सत्यभामाबाईचं तोंड पाहून पुन्हा नाडी बघू लागल्या.

देवाजी जागा झालाच नाही. श्वास चालू होता, डोळे अर्धे उघडे होते, पण त्या डोळ्यांत तो नव्हता. तीज, म्हणजे हरतालिका, उजाडली. त्या दिवशी बायका नवऱ्याच्या आयुष्यासाठी निर्जळी उपास करतात. सत्यभामाबाईनंही दवाखान्याच्या ओट्यावर बसून धरला होता. दुपारी तो गेला. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तिला पाणी दिलं, तर ती म्हणाली, "आज उपास आहे माझा." मग तिच्या लक्षात आलं.

गावात बोलणं व्हायचं ते झालंच. पिऊन पडला आणि गेला. डॉक्टरीण काहीही म्हणो, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. तिरडीमागून चालणाऱ्यांतच कोणी म्हणालं, "माळ कायले ठेवली गळ्यात?" ते शब्द तिच्या कानावर आले. मरणापेक्षा तेच तिला जड गेलं.

तेरवीला खुशाल सगळ्यांच्या नंतर आला. पंगत उठलेली होती. ओसरीच्या खांबाला टेकून उभा राहिला.

"काकू."

"बस. वाढतो तुले."

"मी बी पाह्यलं होतं त्या दिवशी. सकाळी. मले वाटलं, कालच्या झडतीनं राग आला आन् घेतली थोडीशी. मी हसून निघून गेलो."

सत्यभामाबाई वाढता वाढता थांबली. मग तिनं पानावर भात वाढला.

"तोंडाजवळ गेला होता का?"

"नाई."

"जाऊन पाह्यलं असतं तं वास नसता आला तुले. दारूचा वास येते. साखर उतरलेल्याले फक्त घाम येते." तिनं वरण घातलं. "आता मालूम झालं ना तुले. खा."

तो रडू लागला. ती समोर बसून राहिली, तो जेवेपर्यंत. काठ्यांची पिशवी तिनं त्याच्याच छकड्यातून क्लबात परत पाठवली.

त्यानंतर सत्यभामाबाई बरीच वर्षं जगली. देवळात जाई, नाम घेई, रुखमिणीच्या पोरांसाठी मुरमुऱ्याचे लाडू करी. एकच सवय तिला लागली. बाजाराच्या वाटेवर, एसटीच्या थांब्यावर, नाल्याच्या काठावर कोणी पडलेला दिसला की ती थांबायची. ओझं खाली ठेवायची, वाकायची, माणसाच्या तोंडाजवळ नाक न्यायची, कपाळाला हात लावून पाहायची. सोबतच्या बायकांना लाज वाटे. "अवो, परक्या माणसाच्या तोंडाचा वास घेता? भ्रमिष्ट झाल्या का?" पडलेली माणसं शिव्या देत. एकानं तर हात झटकला तो तिच्या तोंडावर लागला. तरी ती सोडत नसे. गावाला त्या वेडाची सवय झाली.

एकदा मोहाडीच्या बाजाराला जाताना तिच्याबरोबर मंगलाबाई होती. कडुनिंबाखाली एक माणूस उपडा पडलेला. सत्यभामाबाई गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली बसली, त्याचं तोंड वळवलं, वास घेतला. मंगलाबाई रागानंच उभी होती.

"काय होय?"

सत्यभामाबाईचा चेहरा मोकळा झाला. "दारूच होय बाई," ती म्हणाली. "दारूच होय. उतरून जाईन."