लाल गाडीचा राखणदार

"बघा भाऊ, चढली काय?"

पायरीवर चपला काढायच्या, खांद्यावरच्या पिवळ्या फडक्यानं माझ्या काउंटरची काच पुसायची आणि मग हे विचारायचं. काच स्वच्छ असली तरी पुसायची. तीस वर्षं मुंबईत एका शेटची गाडी चालवलेला माणूस. समोर काच आली की हात आपोआप फिरायचा. पोलादपूरच्या एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, दाखले, भरतीचे अर्ज ही आमची कामं. त्या दुकानात दर सोमवारी परदेशातल्या लिलावात जुन्या गाडीला काय भाव आला ते बघायला येणारं गिऱ्हाईक एकच. सगळा तालुका त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचा, मीही तेच म्हणायचो.

गाडी त्यांची स्वतःची होती. लाल, दोन दारांची, जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर. शेट म्हातारा झाला आणि गाड्या काढून टाकू लागला, तेव्हा इतक्या वर्षांच्या नोकरीबद्दल ही गाडी त्यानं काकांच्या नावावर करून दिली. "पैसे दिले तर खाऊन टाकशील. ही ठेव. जुनी होईल तशी महाग होत जाणार," असं शेट म्हणाला होता. काका हे वाक्य शेटच्याच घोगऱ्या आवाजात म्हणून दाखवायचे. शेट खोटं बोलला नव्हता, हीच पुढच्या सगळ्याची अडचण.

काकांची वाडी आंबेनळी घाटाच्या रस्त्याच्या वर डोंगरात आहे. खालून पाऊण तासाची पायवाट. पायथ्याशी, रस्त्याला लागून, त्यांचा गुरांचा गोठा होता. टेम्पोतून गाडी तिथं उतरवली तेव्हा अख्खी वाडी बघायला खाली आली. एका म्हातारीनं गाडीभोवती चक्कर मारली आणि विचारलं, "येवढी शेटची गाडी, आन् बसाया दोघंच? पोरांना काय टपावर घालायची?"

गाडी वर जाणार नव्हती. म्हणून काकांनी गुरं विकली, गोठ्याला शटर बसवलं, आत एक खाट टाकली आणि तिथंच राहायला लागले. वर घरात काकू एकट्या. मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला गेलेली. इथल्या घरोघरच्या बायकांसारखा काकूंचाही सगळा संसार नवऱ्याच्या सुट्ट्यांवर झाला होता. भात लावणं, सासू-सासऱ्यांची आजारपणं, मुलीचं बाळंतपण, सगळं त्यांनी एकटीनं निभावलं. आता तरी दोघं एका घरात राहतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण मुंबईहून निघालेला हा गृहस्थ घराच्या पाऊण तास अलीकडे थांबला तो थांबलाच.

काकू एकदा कसलासा दाखला काढायला दुकानात आल्या होत्या. मी सहज विचारलं, "काय काकू, आता काका आले गावाला. बरं झालं ना?"

"मुंबैला व्हते तवा गनपतीला आनि शिमग्याला तरी घरात दिसायचे," काकू म्हणाल्या. "आता सणाला वाडीत पावनं येतात, गाडीला हात लावतील, म्हनून खालीच राखनीला बसतात. आमच्या आरतीला खालनंच टाळ्या वाजवीत असतील."

दुकानातले सगळे हसले. त्याही हसल्या. मग दाखला हातात घेऊन उगाचच बराच वेळ उभ्या राहिल्या.

रोज दुपारी त्या भाकरी घेऊन खाली यायच्या. काका जेवायचे, त्या भांडी विसळून पुन्हा वर चढायच्या. "विकली का आलोच बघ वर, गो," हे काकांचं रोजचं बोलणं. त्यांच्या मनात लबाडी नव्हती. त्यांना खरोखरच वर जायचं होतं.

विकत घेणारे येत नव्हते असंही नाही. महाबळेश्वरला जाणारा पुण्याचा एक गृहस्थ चहाला थांबला आणि अर्ध्या उघड्या शटरमधून त्याला गाडी दिसली. पांढऱ्या केसांचा, सभ्य माणूस. त्यानं जो आकडा सांगितला त्यात पोलादपूरला रस्त्यालगत दोन खोल्या झाल्या असत्या, वर म्हातारपणही निघालं असतं. काका सोमवारपर्यंत थांबा म्हणाले. सोमवारी माझ्या दुकानात भाव बघितला, तो चढला होता. त्यांनी नाही म्हणून कळवलं. पुढच्या वर्षी तोच गृहस्थ वाढीव आकडा घेऊन आला. त्या सोमवारीही भाव चढलाच होता.

"चढावर गाडी उभी करायची नसते, भाऊ," काका मला समजावायचे. "उभी केली का परत उचलत नाय. घाटातला नियम हाय."

घाट कुठंतरी संपतो आणि पलीकडे उतार लागतो, हे त्यांना मी सांगायला हवं होतं. आंबेनळी त्यांनी माझ्यापेक्षा शंभर वेळा जास्त चढली-उतरली होती. पण खरं सांगायचं तर मलाही मजा येत होती. उत्पन्नाच्या दाखल्यांनी आंबून गेलेल्या माझ्या दुकानात दर सोमवारी लाखांचे आकडे झळकायचे आणि जमलेली मंडळी माना वर करून बघायची. "वाढेल काका, अजून वाढेल," असं मी बेधडक म्हणायचो. दुसऱ्याच्या गाडीवर बसून मोठेपणा मिरवायला पेट्रोल लागत नाही.

त्याहून मोठी चूक मी पुढं केली.

पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींनाही घाम फुटतो. गाडीला दमट हवा लागू नये म्हणून काका दर वर्षी जूनच्या आधी तिच्याभोवती भाताचा पेंढा रचायचे. खाली पेंढा, कडेनं पेंढा, वरून ताडपत्री. आंब्याची आढी घालतात तशीच. काचेचं सामान असो, बियाणं असो, जपायची वस्तू पेंढ्यात ठेवायची हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. दसऱ्याला पेंढा काढायचा, गाडी धुवायची, झेंडूचा हार घालायचा आणि जागेवरच सुरू करून बघायची. ती गुरगुरली की महाड एमआयडीसीतून पाळी संपवून घरी निघालेली पोरं मोटारसायकली थांबवून बघत उभी राहायची. काका त्यांना पाच पावलं लांब ठेवायचे. चालवत मात्र कधीच नसत. चालवली की मीटर पुढं जातो आणि किंमत मागं येते, हेही माझ्याच दुकानात कळलेलं ज्ञान.

एका सोमवारी मी त्यांना एक बातमी वाचून दाखवली. परदेशात कुठल्याशा शेतावरच्या कोठारात वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली गाडी सापडली. कुणी पुसलीही नव्हती, तशीच लिलावात उभी केली, आणि हात न लागलेली म्हणून तिला सगळ्यात जास्त भाव मिळाला.

"पुसली बी नव्हती?" काकांनी दोनदा विचारलं. हातातलं फडकं त्यांनी खांद्यावर टाकलं.

त्या वर्षी दसऱ्याला त्यांनी पेंढा काढला नाही. हार शटरला घातला. पुढच्या दसऱ्यालाही शटरलाच. काकू म्हणाल्याही, "आढीतला आंबा बी येळंवर काढावा लागतो." त्यावर काका म्हणाले, "आंबा नाशिवंत असतो गो, लोखंड नाय."

मग भाव थांबला. एका लिलावात त्या जातीची गाडी विकलीच गेली नाही. पुढच्या लिलावात गेली ती बरीच कमीला. मी काकांना सांगितलं, "आहे तेवढाच आहे." दोन सोमवार असंच सांगितलं. तिसऱ्या सोमवारी ते म्हणाले, "भाऊ, तीस वर्षं आरशातनं मागल्या सीटवरच्या मानसाचं तोंड वाचलंय मी. किती उतरली ते सांगा."

मी सांगितलं. ते पायरीकडे वळले. चपला घालून गेले.

त्याच महिन्यात काकू पायवाटेवर भाकरीच्या टोपलीसकट पडल्या. गुडघा सुजून मडक्याएवढा झाला. वाडीतल्या माणसांनी त्यांना डोलीतून खाली आणलं, महाडच्या डॉक्टरांना दाखवलं. मुलगी जीप घेऊन आली. आता चढण चढायची नाही, आई माझ्याकडे राहील, असं तिनं ठरवूनच टाकलं. महाडहून जीप गोठ्यापाशी आली. काकूंचं गाठोडं आणायला एकजण वर गेला होता, तेवढा वेळ जीप तिथंच उभी होती. औषधं द्यायला मीही गेलो होतो. काकूंनी जीपमधून विचारलं, "येता काय?"

काकांनी एकदा शटरकडे बघितलं. "पुन्याच्या सायबाला कळवलंय. आठ दिवसांत येतो म्हनला. येवढं उरकतो आनि येतो."

"बरं," काकू म्हणाल्या. मुलीनं मान दुसरीकडे वळवली. जीप गेली. मला काकांचा भयंकर राग आला होता, आणि त्यातला निम्मा माझ्यावरचाच होता. कारण तोंडातून एक अक्षर काढायचं मलाही सुचलं नव्हतं.

पुण्याचा गृहस्थ सांगितल्याप्रमाणे आला. तो स्पष्टच बोलला. "काका, आता पूर्वीचा भाव देता येणार नाही. या गाडीचं चित्र भिंतीवर लावून जी पोरं मोठी झाली, ती आता माझ्या वयाची आहेत. आम्ही घेत होतो म्हणून भाव होता. आमच्या मुलांना क्लच कशाशी खातात ते माहीत नाही."

काकांनी मान हलवली. "म्हंजे गिऱ्हाईकच म्हातारं झालं म्हना की."

तरीही तो घ्यायला तयार होता. काकाही कबूल झाले. सगळ्यांनी मिळून पेंढा उपसायला घेतला. वरचा थर कोरडा होता. खालचा ओला, काळा, कुजलेला. त्यातून उंदीर पळाले, एक-दोन नव्हेत. दार उघडलं तर कातडी सीटच्या चिंध्या झालेल्या, वायरी कुरतडून उघड्या पडलेल्या, आणि मीटरच्या मागं उंदरानं घरटं करून पिल्लं घातलेली. कडांचा लाल रंग फुगून पापडासारखा सुटत होता. त्याखाली गंज.

पुण्याच्या गृहस्थानं टोपी काढून हातात धरली, एखाद्याच्या घरी समाचाराला जावं तशी. "माफ करा काका," एवढंच तो म्हणाला. निघताना इंजिनापुरते काही पैसे देतो म्हणाला. काकांनी नको म्हणून हात जोडले.

मला वाटलं, सुटला हा माणूस. आता जाईल डोंबिवलीला. पण तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, पिंजऱ्याचं दार उघडलं तरी आतच बसणारी. काका वर घरात राहायला गेले. बायको नसलेल्या घरात. सोमवारी मात्र यायचे. आता भाव विचारत नसत. मी मुलीचा नंबर लावून फोन काउंटरवर ठेवायचो.

"गुडघा बरा हाय," पलीकडून काकूंचा आवाज यायचा. "हितं लिफ्ट हाय. खाली बागंत बसते. तुमी कधी येता?"

"घर उघडं टाकून कसा येऊ गो? बंद घराला वाळवी लागते."

पुढच्या सोमवारी पुन्हा, "कधी येता?" तेव्हा कारण कौलांचं असायचं. मग फणसांचं. मग एक दिवस त्यांनी उत्साहानं सांगितलं, "वाडीपर्यंत रस्ता मंजूर झालाय म्हनतात. जागंला भाव येनार. आता सोडून येन्यात काय राम हाय?"

मी कपाळाला हात लावला. "काका, तोंडावर खरं सांगू का? तुम्हाला काकूंसमोर जायची लाज वाटतेय."

ते रागावले नाहीत. काच पुसायला लागले. "रिकाम्या हातानं कसा जाऊ, भाऊ? सात वर्षं तिला रोज सांगत व्हतो, विकली का आलो. काय विकून आलो म्हनून सांगू?"

असे पाच-सहा महिने गेले. मग एका सोमवारी फोन लागला. काकू चांगल्या मोकळेपणानं बोलल्या. नातवाची शाळा, शेजारच्या बाईनं शिकवलेलं लोणचं, दवाखान्याची पुढची तारीख. "बरं, ठेवते हा," म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

काका काउंटरशी उभेच. मागं दाखल्यांची रांग लागली होती. मला वाटलं, रेंज गेली असं त्यांना वाटतंय.

"झालं काका बोलणं. ठेवला त्यांनी."

"आज इचारलं नाय हिनं," ते म्हणाले.

"काय?"

"कधी येता म्हनून. आज इचारलंच नाय."

मी काहीतरी समजूत घालायला गेलो. विसरल्या असतील, गडबडीत असतील. त्यांनी ऐकलं नाही. पायरी उतरले. अनवाणीच स्टँडच्या दिशेनं दहा पावलं गेले, मग परत येऊन चपला घातल्या.

पुढच्या सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारी दुकान भावाकडे सोपवून मी वाडीवर गेलो. धाप लागली. रोज दुपारी ही चढण काकू कशा चढत असतील, हे मला पहिल्यांदाच कळलं. घराचं दार सताड उघडं होतं. आत भांडी फळीवर, कपडे दांडीवर, भाताची कणगी भरलेली. उंबऱ्यावर दोन कोंबड्या. मी हाका मारल्या.

शेजारची बाई पदराला हात पुसत आली. "ते गेले की, आठ दिस झालं. पयल्या एसटीनं. पोरीकडं."

"आणि हे दार असं उघडं?"

"मी म्हनलं त्यांना, भावोजी, कुलूप नाय तर कडी तरी घालून जावा. तर म्हनले, राहूदे गो. लय राखलं."