अपसव्य नट

माझ्या हातात पाना दिसला की भोरातल्या लोकांना हसू यायचं. त्यांचं हसू पाहून मला चेव यायचा. ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. आज मी म्हातारी झाले आहे, पण चेव गेलेला नाही.

फटफटी माझ्या वडिलांची. ते ओव्हरसियर होते, रस्ते आणि मोऱ्या पाहत फिरायचे. मी सतराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतले, तेव्हा साऱ्या नातेवाइकांशी भांडून त्यांनी मला पुण्याला नर्सिंग आणि सुईणपण शिकायला पाठवलं. शिकून आले आणि भोरच्याच एका दवाखान्यात लागले. पुढे वडिलांची नजर अधू झाली. प्लग साफ करणं, साखळीला तेल देणं, कार्बुरेटर उघडून फुंकणं ही कामं हळूहळू माझ्याकडे आली, कारण दादाला हात काळे करायचा तिटकारा होता. दादा माझा थोरला भाऊ, कचेरीत कारकून. फटफटी चालवायलाही मी वडिलांकडूनच शिकले, नदीकाठच्या मोकळ्या जागेत. ते काठीवर रेलून उभे राहायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, "गिअर बदल. आता बदल. अगं, ती रडतेय, ऐकू येत नाही का?"

घरात मी एकटी डावखुरी. लहानपणी त्यापायी हातावर चापट्या खाल्ल्या. वडील मात्र कधी रागावले नाहीत. श्राद्धाच्या वेळी जानवं उजव्या खांद्यावर घेतात, ते अपसव्य. एरवी डाव्या खांद्यावर असतं, ते सव्य. म्हणजे रोजच्या उलट ते अपसव्य. वडील हसून म्हणायचे, "असू दे, आमचं हे अपसव्य आहे." हेच माझं लाडाचं नाव. दादाला ते अभद्र वाटायचं, म्हणून मी त्याच्यासमोर मुद्दाम त्या नावाला ओ द्यायची.

वडील गेल्यावर घर दादाचं झालं, जमीन दादाची झाली आणि फटफटीही दादाचीच झाली. मुलीला तेव्हा काही मिळत नसे. दादा वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त परसात उभी असलेली ती वस्तू नको होती आणि तिच्याशेजारी बसलेली बहीण तर मुळीच नको होती. साताऱ्याचं एक गिऱ्हाईक त्याने पाहून ठेवलं होतं. मी म्हटलं, "वर्षश्राद्ध होईपर्यंत थांब." तो थांबला. श्राद्धाच्या नावाखाली काहीही मागितलं तरी दादा नाही म्हणत नसे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मला ती फटफटी का हवी होती ते सांगते. राजगडाखालच्या पालीहून एक बाळंतीण बाजेवर घालून चार माणसांनी खांद्यावर आणली होती. दवाखान्याच्या दाराशी बाज टेकली तेव्हा मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी तिचे डोळे मिटले आणि तशीच डॉक्टरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "वेल्ह्याकडच्या गावांना फिरतीची सुईण द्या. मी जाते."

डॉक्टर म्हातारे, सभ्य होते. म्हणाले, "बाई, फिरतीला पुरुष माणूस लागतो."

"बाळंत तर बायकाच होतात, डॉक्टरसाहेब."

ते चष्मा पुसत बसले. शेवटी म्हणाले, "जाणार कशानं? बैलगाडीनं गेलात तर दोन दिवस तिकडेच जातील."

"वडिलांच्या फटफटीनं."

ते हसले नाहीत, एवढ्यावरच मी त्यांना अर्धं माफ केलं. त्यांनी अट घातली. सामानाच्या पेटीसकट एकटीने वेल्ह्याला जायचं, तिथल्या पाटलांची सही आणायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. जमलं तर फिरती माझी. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

मी तयारीला लागले. नऊवारी लुगड्याला लोक नावं ठेवतात, पण फटफटीवर बसायला त्याच्यासारखा पोशाख नाही. कासोटा घट्ट घातला की दोन्ही पाय मोकळे. सरावाच्या पहिल्याच फेरीत मात्र कामथडीजवळ पदराचा शेव साखळीत गेला, टराटरा फाटला, आणि मी रस्त्याच्या कडेला साखळीशी झोंबत बसले. घरी येऊन रॉकेलचा रिकामा डबा कापला, पत्रा ठोकून वाकवला आणि साखळीवर खालून-वरून झाकण बसवलं. मागच्या बाजूला फळ्या ठोकून पेटीची बैठक केली. दादा म्हणाला, "आता नुसती चूल मांडायची राहिलीय हिच्यावर." मी म्हटलं, "जागा ठेवलीय."

डॉक्टरांनी नेमून दिलेल्या शनिवारी निघाले. नसरापूरपर्यंत सगळं छान झालं. तिथून वेल्ह्याच्या वाटेला लागले आणि शेवटच्या मोठ्या चढाला फटफटीने मान टाकली. इंजिन तापून लाल झालं, क्लच जळल्याचा वास आला आणि ती मागं सरकायला लागली. भाताच्या शेतातून दोघे शेतकरी धावत आले, त्यांनी मागून टेकू दिला. त्यातला म्हातारा फटफटीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "बाई, ह्ये लई वरडतंय, पन वडत न्हाई."

त्याच्या तोंडून हे ऐकलं आणि मला रडू आलं. मी ते रडू त्याला दाखवलं नाही. उतारावर फटफटी वळवली आणि परत आले.

म्हाताऱ्याचं बोलणं खरं होतं, आणि त्यावरचा इलाज वडिलांनी आधीच आणून ठेवला होता. गिअरच्या पेटीतून बाहेर येणाऱ्या दांड्यावर एक दातेरी चकती असते, तिच्यावरून साखळी मागच्या चाकाला ओढते. वडिलांची चकती सतरा दात्यांची, पुणे-साताऱ्याच्या सपाट सडकेसाठी चांगली. ही चकती लहान केली की धाव कमी होते आणि ओढ वाढते. पंधरा दात्यांची एक चकती तेलाच्या फडक्यात गुंडाळून त्यांनी पेटाऱ्यात ठेवली होती. ती बसवायच्या आतच ते गेले. मी डॉक्टरांना म्हटलं, "अजून एक शनिवार द्या." त्यांनी दिला. पण दादाचा सातारकरही त्याच शनिवारी येणार होता, आणि आदल्या दिवशी, शुक्रवारी, वर्षश्राद्ध होतं.

काम एका नटावर अडलं. जुनी चकती धरून ठेवणारा मोठा नट काही केल्या सुटेना. मी दोन दिवस झटले. मग भोंगवलीचा गिरणीवाला बोलावला, त्याच्या गिरणीला तेलाचं इंजिन होतं आणि पंचक्रोशीत असल्या कामाला तोच एक माणूस. त्याने पान्याच्या दांड्यात लांब नळी घातली, अंगाचा सगळा भार टाकला, वर हातोड्याने ठोकलं. नटाचे कोपरे झिजले, नट तसूभर हलला नाही. तो घाम पुसत म्हणाला, "बाई, ह्यो लई गंजलाय. ह्यो न्हाई सुटायचा. छिन्नीनं फोडाया लागंल, आन् फोडला तर दुसरा हितं कुठं मिळायचा?"

नटाच्या तोंडावर, वंगण पुसल्यावर दिसेल असा, टोच्याने कोरलेला बारीक 'अ' होता. अक्षर वडिलांचंच. मला वाटलं, पहिला भाग म्हणून 'अ' लिहिला असेल. पण 'ब' कुठेच नव्हता. दादा परसाच्या दारातून म्हणाला, "अ म्हणजे अडाणी. चालवणाऱ्यासाठी लिहून ठेवलंय." मी पाना जमिनीवर आपटला. त्या क्षणी मला दादाचा राग आला, गिरणीवाल्याचा आला आणि सगळ्यात जास्त वडिलांचा आला, की असलं कोडं घालून हा माणूस मरून गेला.

शुक्रवारी सकाळी घरात श्राद्ध चाललं होतं. मी आणि वहिनी स्वयंपाकघरात होतो. मी वडे तळत होते. बाहेर दादा भटजींसमोर बसला होता. मला तिथे बसायचा अधिकार नव्हता. वडिलांनी शिकवलेलं सगळं माझ्या हातात होतं आणि वडिलांच्या नावाने पाणी सोडायचं ते मात्र दादाने, ज्याने त्यांच्या फटफटीला आयुष्यात बोट लावलं नव्हतं. दादाला विधी पाठ नव्हते. जानवं या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायला तो सारखा चुकत होता आणि भटजी कंटाळून ओरडत होते, "सव्य! अहो सव्य करा. आता अपसव्य. अपसव्य म्हटलं ना मी!"

माझ्या हातातला झारा थांबला.

अ म्हणजे अपसव्य. अडाणी नव्हे, पहिला भागही नव्हे. घरात ज्याला उलटं म्हणायचं त्याला वडील जे म्हणत, तेच त्यांनी नटावर लिहून ठेवलं होतं. बाकीचे सगळे नट डावीकडे फिरवले की सुटतात. हा एकटा उलट्या आट्यांचा, उजवीकडे फिरवला तरच सुटणारा. आम्ही तो चार दिवस सोडवत नव्हतो, जीव खाऊन आवळत होतो. गिरणीवाल्याने तर नळी लावून आवळला होता.

मी झारा वहिनीच्या हातात दिला. ती म्हणाली, "अहो वन्सं, वडे जळतील!" मी कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि परसात गेले. चाक फिरू नये म्हणून मागच्या चाकाच्या तारांतून मुसळ आडवं घातलं. पाना नटावर बसवला, नळी घातली आणि डाव्या हाताने, हो, डाव्याच हाताने, उजवीकडे ढकलला. हलला नाही. मग पान्यावर पाय देऊन उभी राहिले. एकदम कच्‌कन आवाज झाला आणि मी तोंडावर पडले. उठून पाहते तर नट सुटला होता.

आवाजाने दादा बाहेर आला. जानवं उजव्या खांद्यावर, हातात दर्भ, कपाळावर आठ्या. माझ्या लुगड्यावर वंगण, गुडघ्याला रक्त, चाकात घरातलं मुसळ.

"वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी हे काय चालवलंयस तू?"

"तू आत जे करतोयस तेच," मी म्हटलं. "जा, भटजी खोळंबलेत."

तो उभा राहिला. मी नटावरचा 'अ' त्याच्यापुढे धरला आणि म्हटलं, "अपसव्य." त्याने त्या अक्षराकडे पाहिलं, मग आपल्या खांद्यावरच्या जानव्याकडे पाहिलं. तो आत गेला. त्यानंतर भटजींना एकदाही ओरडावं लागलं नाही, हे मी परसातून ऐकलं.

दुपारपर्यंत पंधरा दात्यांची चकती बसली. साखळी सैल पडली म्हणून मागचं चाक मागं ओढून ताणली. पत्र्याचं झाकण परत ठोकलं. जेवायला गेले तेव्हा माझं पान वेगळं वाढून ठेवलेलं होतं आणि त्यात न जळलेले वडे होते.

शनिवारी थंडी मरणाची होती. फटफटी सातव्या लाथेला सुरू झाली. सडकेवर ती पूर्वीइतकी पळेना, कामथडीला तर एका सायकलवाल्याने मला गाठलं आणि दात काढले. मी म्हटलं, काढ बाबा, तुला वेल्ह्याला जायचं नाही. त्या चढाला लागले. पहिला गिअर टाकला आणि वडिलांनी सांगितलं होतं तसं नुसतं ऐकत राहिले. ती रडली नाही. एकाच आवाजात, जात्यासारखी घरघरत, पेटी आणि मला घेऊन ती वर चढली. शेतातला तो म्हातारा पेंढ्या रचत होता. ओरडला, "आता कसं! आता वडतंय बगा!" मी थांबले नाही. थांबायची हिंमतच नव्हती.

वेल्ह्याला पाटलांनी कागदावर सही केली आणि विचारलं, "फुडच्या वक्ताला कवा येनार?" डॉक्टरांच्या आधी मला फिरती त्यांनीच दिली, असं मी समजते.

उजेड होता तोवर मी भोरात परतले. डॉक्टरांना कागद दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "सोमवारपासून." घरी आले तर दादा अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मला सातारकर आठवला.

"येऊन गेला तो?" मी विचारलं.

"येऊन गेला."

"मग?"

दादा माझ्याकडे न बघता, पत्र्याच्या झाकणाकडे बघत म्हणाला, "मी सांगितलं त्याला, फटफटीची मालकीण घरी नाही."

मला त्या घरात आजवर कुणी कशाचीही मालकीण म्हटलं नव्हतं. मी फटफटी भिंतीला टेकवली. हातांना काहीतरी करायला हवं होतं म्हणून पाना काढून उगाच पुसत बसले. दादा उठून जवळ आला, वाकला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने त्या नटाला बोट लावलं.

"नीट बसलाय ना? वाटेत सुटायचा नाही?"

"नाही."

"आवळायचा असला तर कुठल्या बाजूला फिरवायचा?"

"डावीकडे."

"आणि सोडवायचा असला तर?"

"ते तुला सांगणार नाही," मी म्हटलं.