माझी खरखर आणि वसंतरावांचं कडं

माझ्या साडूला लिफ्टमध्ये कोंडण्याचा माझा अजिबात हेतू नव्हता.

साडू म्हणजे वसंतराव. राहणार आमच्याच शहरात, अकोट्याला. आम्हा दोघांनाही निवृत्तीनंतर शॉर्टवेव्ह ऐकण्याचा नाद लागला, तोही एकाच वेळी. फरक एवढाच, की त्यांच्या रेडिओवर सातासमुद्रापलीकडची स्टेशनं लागत आणि दांडिया बाजारातल्या माझ्या फ्लॅटमध्ये फक्त खर्रर्र! वर रोज त्यांचा फोन. "काय सुंदर व्हायोलिन लागलंय हो! तुमच्याकडे?"

"आमच्याकडेही तेच," मी सांगायचो. (आमच्याकडे कोणीतरी शेंगदाणे भाजत होतं.)

मी गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याची तार ताणली. खरखर दुप्पट झाली! घरातला फ्रिज, पंखे, वायफाय, सगळं बंद केलं. खरखर तशीच. शैला, म्हणजे आमची ही, मात्र तापली. "दूध नासलं! आता मलाही बंद करा!"

मग अंदाज आला, खरखर अख्ख्या बिल्डिंगची होती. प्रत्येक घरातला इन्व्हर्टर, चार्जर आणि एलईडी दिवा माझ्याविरुद्ध उभा होता. पण सोसायटीचा सेक्रेटरी मीच आणि मीटररूमची किल्लीही माझ्याकडेच! मी वसंतरावांना चहाला बोलावलं. ते यायच्या जरा आधी मेन स्विच पाडायचा, 'लाइट गेली वाटतं' म्हणायचं आणि सेलवरचा रेडिओ ऐकवून त्यांचं तोंड बंद करायचं, असा बेत.

खाली जाऊन स्विच पाडला आणि धापा टाकत जिने चढून घरी आलो. रेडिओ लावला. अहाहा! कुठल्याशा देशातली बाई इतकी स्वच्छ बोलत होती, की तिने घसा खाकरला तोही ऐकू आला. पाठोपाठ ढोल सुरू झाला. धाड्, धाड्, धाड्!

"शैला, ऐक! तिकडचं लोकसंगीत!" मी मान डोलावत ओरडलो. "वसंतरावांच्या बापजन्मी असा ढोल लागला नसेल!"

शैलाने कान टवकारले. "अहो, ढोल रेडिओतून नाही, जिन्यातून येतोय!"

तेवढ्यात समोरच्या कोकिलाबेन दारात. "भाई, जल्दी आवो! लिफ्टमां कोई फसायुं छे!"

लिफ्टमधून क्षीण आवाज आला, "शैलाताई... मी वसंत..."

"भाऊजी! घाबरू नका!" शैला धावली. मग माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही असे घामाघूम कशाने?"

मी सरळ खाली पळालो. स्विच वर केला. लिफ्ट चालू, वसंतराव बाहेर आणि रेडिओत पुन्हा शेंगदाणे! ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, ते सोडून सगळ्यांनी माझं स्टेशन ऐकलं होतं. (कोकिलाबेननीसुद्धा!)

चहा घेताना वसंतराव शांतपणे म्हणाले, "दिगंबरराव, फोनवर तुमची खरखर रोज ऐकू यायची. लांब तार स्टेशन ओढते तशी बिल्डिंगची खरखरही ओढते. हे बघा." पिशवीतून त्यांनी ताटाएवढं तारेचं कडं काढलं. लूप अँटेना! खिडकीत ठेवून ते हळूहळू फिरवलं. एका ठिकाणी खरखर एकदम मावळली आणि व्हायोलिन सुरू झालं. माझ्या घरात! माझ्या रेडिओवर! माझ्या बायकोसमोर!

"अगंबाई, किती गोड!" शैला म्हणाली. तिच्या भाऊजींना आणखी एक वाटी चिवडा मिळाला. मला मिळाला नाही.

"राहू द्या तुमच्याकडेच, मी दुसरं करीन," कडं माझ्या हातात देत वसंतराव म्हणाले. माणसाने इतकं चांगलं असू नये!

आता माझ्याकडे जगभरची स्टेशनं लागतात. फक्त त्यांचा फोन आला आणि त्यांनी विचारलं, "कसं काय, कड्याचा फायदा झाला ना?" की मी आधी कडं मुद्दाम उलटं फिरवतो, रेडिओ फोनजवळ धरतो आणि सुस्कारा टाकतो, "काही खास नाही हो, वसंतराव. तुम्हीच ऐका, खर्रर्र!"