‘जेवलात का’च्या पुढचा प्रश्न

चिकलठाणा विमानतळावर दादा सोडायला आला होता. वर्षापूर्वी त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला. दवाखान्यातून घरी आणल्यावर आईने शेजाऱ्यांना सांगितलं, पोट बिघडलं होतं. मग आम्हीही तेच मानलं आणि त्याला महिनाभर मऊ भात खाऊ घातला.

मी सोलला युवक शिबिराला निघाले होते. श्रीमंत देशांत आत्महत्येचं प्रमाण दक्षिण कोरियात सर्वांत जास्त, म्हणून भाषण लिहून नेलं होतं. भांडवलशाहीवर चार पानं, दादावर एक ओळ नाही.

सोल चकचकीत निघालं. स्टेशनातल्या भिंतीवर पाटी होती, ‘तुमचं आयुष्य मोलाचं आहे.’ ती मोलाची आयुष्यं तिच्यासमोरून ऑफिसकडे पळत होती. साहेबाच्या आधी पोचायचं आणि साहेब उठेपर्यंत उठायचं नाही. ओळखीचं भेटलं की ‘बाब मगॉस्सयो’ (जेवलात का) विचारतात आणि उत्तर न ऐकता पुढे जातात. मला आमच्या औरंगपुऱ्यात असल्यासारखंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी एका आरोग्य केंद्रात नेलं. दारात बूट काढायचे होते. माझ्या मोज्यातून अंगठा बाहेर, आणि मी आलेली विकासाची लक्तरं वेशीवर टांगायला. आत नोकरदार, दुकानदार जोड्या करून एकच प्रश्न मोठ्याने विचारायचा सराव करत होते. एवढ्यासाठी शिकवणी? मला हसू आलं. माझ्या जोडीला साठीचे एक टॅक्सीवाले आले. ते मोबाईलशी बोलले आणि मोबाईलमधली बाई मराठीत म्हणाली, "तुमच्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?"

"नाही," मी लगेच म्हणाले.

"आता तुम्ही विचारा."

क्रांती चौकात मी माईकशिवाय घोषणा दिल्यात. इथं मी नुसती पुटपुटले. "जेवलात का?" मी विचारलं.

ते पोट धरून हसले. मग म्हणाले, "मागच्या सीटवर लोक रडायचे आणि मी रेडिओ मोठा करायचो. वाटायचं, विचारलं तर आपणच डोक्यात भरवू. तसं होत नाही, हे इथं कळलं."

"आणि ‘हो’ म्हणाले तर?"

"तर ऐकायचं. एकटं सोडायचं नाही. मदत मिळेल तिथं घेऊन जायचं."

जेवताना किमची (कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं) सांडली. पुसायला भाषणाची दोन पानं गेली. उरलेली दोन कुणी मागितली नाहीत.

परतले तेव्हा दादाच स्कूटर घेऊन आला.

"जेवलीस का?"

"व्हय. तू?"

"व्हय."

जालना रोडला सिग्नल लागला. मी मागून विचारलं, "दादा, आत्महत्येचे विचार अजून येतात का रे?"

सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवू लागले. त्याने स्कूटर कडेला घेऊन स्टँडवर लावली. हेल्मेट काढायला त्याला बराच वेळ लागला.

"पोट बरंय, असं सांगू का?"

"नको."

"मग घरी जायची घाई नाय ना तुला?"

मी बॅग फुटपाथवर आडवी केली आणि त्याला तिच्यावर बसवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. दवाखाना घरापासून दोन चौकांवर आहे. मी तिथं सोलमार्गे पोचले.