नवरीला रडवणारी चाल

मास्तरांच्या दाराला तीन कुलपं होती. बेल वाजली की ते आधी दाराच्या भोकातून बघायचे, मग नाव विचारायचे, मग पुन्हा बघायचे. नॉर्थ यॉर्कच्या त्या इमारतीत मी अकरा वर्षं त्यांच्या समोर राहिले, तरी मलाही नाव सांगावं लागे. मी हसले की म्हणायचे, "डॉक्टर, भीतीला हसू नका. तिनंच माझ्या वडिलांना वेळेवर बोटीत बसवलं."

वडील पोलंडमधल्या एका गावात लग्नांमधून क्लॅरिनेट वाजवायचे. ज्यू लोकांच्या या लग्नातल्या संगीताला क्लेझमर म्हणतात. ताफ्यातले बाकीचे गावातच राहिले आणि युद्धात त्यांच्यापैकी एकही वाचला नाही. वडिलांनी मुलाला नऊ चाली शिकवल्या. त्यातली एकही कागदावर नव्हती.

मास्तर हे नाव मीच दिलेलं. त्यांनी शाळेत चाळीस वर्षं संगीत शिकवलं होतं. अर्थ कळल्यावर त्यांना ते आवडलं. दुपारी त्यांचं वाजवणं कॉरिडॉरमध्ये ऐकू यायचं. एकाच फुंकेत हसू आणि हुंदका. मी सांगलीची, लग्नातली सनई ऐकत वाढलेली, पण असं काही ऐकलं नव्हतं. ते समजावून सांगायचे, "नवरीला आधी रडवायचं. रडून मोकळी झाली की मग नाचवायचं."

मागच्या विंटरमध्ये त्यांच्या छातीतल्या मुख्य रक्तवाहिनीला फुगा आलेला निघाला. वय शहाऐंशी, ऑपरेशन झेपणारं नव्हतं. सर्जननं वाद्य फुंकायला साफ मनाई केली. ते रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले. मी निवृत्त असले तरी हृदयाची डॉक्टर. मी सगळे कागद दोनदा वाचले.

"फुंकू नका," मी म्हणाले.

"आणि चाली?"

मी रिपोर्ट घडी करून त्यांच्या हातात दिला.

बेलला दचकणाऱ्या या माणसानं मग रेकॉर्डिंग ठरवलं. त्यांची भाची व्हायोलिन वाजवायची. तिनं एका कम्युनिटी सेंटरमधली खोली मिळवली. मी परोपरीनं सांगून पाहिलं. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही सोबत या. मला एकट्याला भीती वाटते." मी ब्लडप्रेशरचं मशीन घेऊन गेले.

दोन दिवसांत आठ चाली झाल्या. प्रत्येक चालीनंतर मी दंडाला पट्टा बांधायचे आणि आकडा त्यांना सांगायचे नाही. नववी चाल लग्न लागण्याआधी नवरीला खुर्चीवर बसवतानाची, सगळ्यात संथ, लांब श्वासाची. मी त्यांच्या मानेवरची शीर बघत बसले होते. ती टरारून फुगली, चेहरा पांढरा पडला, सूर थरथरला. माझ्या तोंडून किंचाळीच निघाली, "बास!"

क्लॅरिनेट थांबलं. व्हायोलिन थांबलं. माझा हात फोनवर होता. मास्तरांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघून मान हलवली, एक श्वास घेतला आणि तुटलेल्या जागेवरूनच चाल उचलली. ती संपेपर्यंत मी काय ऐकलं, मला आठवत नाही.

भाचीनं ती जागा कापायची ठरवली होती. मास्तरांनी मला विचारलं, "बास म्हणजे काय?"

"पुरे."

"मग राहू दे. लग्नात कोणीतरी घाबरलेलं असतंच."

फक्त माझा आवाज काढू द्यायला ते कसेबसे तयार झाले. थांबणं मात्र तसंच ठेवलं. सहा आठवड्यांनी, सकाळी चहा घेताना ते गेले. तिन्ही कुलपं तोडून आत जावं लागलं.

या उन्हाळ्यात भाचीच्या मुलीचं लग्न झालं. क्लॅरिनेट वाजवणारी मुलगी मॉन्ट्रियलहून आली होती. मास्तरांना तिनं कधी पाहिलं नव्हतं, चाल रेकॉर्डिंगवरूनच बसवलेली. नवरी खुर्चीवर बसली, चाल सुरू झाली, आणि मधेच एका जागी ती मुलगी थांबली. तिच्या लेखी ती चालीतलीच जागा होती. माझा हात मात्र आपोआप पर्समधल्या फोनकडे गेला. मग तिनं श्वास घेतला, सूर पुढे निघाला, आणि नवरी रडायला लागली.