आक्काचा टॉवेल आणि शेठची नखं

फोन भाच्याचा होता. "मामा, आईला डंपरनं उडवली," एवढंच बोलला जयेश. मी करंजाड्याच्या रस्त्यावर पोचलो तर माझी सख्खी थोरली बहीण चादरीखाली, आणि बघे मोबाईल वर धरून शूटिंग करत उभे. एकाची कॉलर धरून मी दोन ठेवून दिल्या. चुकलो असं आजही वाटत नाही. आक्का असती तर तिने चार दिल्या असत्या...

मेल्या माणसाला साखरेत घोळवायची आपली रीत, पण आक्काला ते खपलं नसतं. मारकुटी होती ती. न विचारता जमीन मोजायला आलेल्यांच्या मागे कोयता घेऊन धावलेली बाई! अशा बाईने जीव लावला तो जयेशने हौसेने आणलेल्या परदेशी राखाडी पोपटाला. त्याचं नाव शेठ. तोही तिच्याच जातकुळीचा, बोट पुढे केलं की रक्त काढणार.

आम्हां आगऱ्यांत हळदीचा थाट लग्नाहून मोठा. जयेशच्या हळदीला पाहुण्यांपुढे शेठही रुबाबात दिसावा म्हणून या शहाण्याने, अंगभर हळद माखलेली असताना, त्याला मुठीत आवळून नेलकटर चालवला. नख आतल्या नसेपर्यंत कापलं गेलं, रक्ताची धार लागली. वर चोचीचं टोकही उडवलं. छाती दाबली गेल्याने पोपट आ वासून मान टाकायला लागला. आक्का भाकऱ्यांच्या परातीवरून उठली. "सोड! छाती सोड त्याची, मुडद्या!" पिठाच्या हातांनी तिने पोपट काढून घेतला, तांदळाचं पीठ नखावर दाबून धरलं ते रक्त थांबेपर्यंत. मग भर मांडवात नवरदेवाच्या कानाखाली अशी वाजवली की बेंजोवाले वाजवायचे थांबले. "परत याला हात लावलास तर याद राख!"

नंतर ती जनावरांच्या डॉक्टरकडून सगळं शिकून आली. जाड टॉवेलात शेठला सैलसर गुंडाळायचं, मान दोन बोटांत धरायची, छाती मोकळी ठेवायची. नखाचं फक्त टोक काढायचं, बाकी कानस. चोचीला मात्र हात नाही. "ती त्याची तो घासतो. वाकडी झाली तर डॉक्टर बघंल, आपण नाय," म्हणायची आणि पिंजऱ्यात पेरूची जाड फांदी बांधायची. शेठ तिचा अंगठा फोडायचा. ती सगळ्या आळीला ऐकू जातील अशा शिव्या घालायची, पण हात हलायचा नाही. कुणाचा मार उलट न फेडता तिने सोडून दिलेला मी तेवढाच पाहिला. जयेश दारात उभा राहून बघायचा. त्याला पुढे यायची परवानगी तिने शेवटपर्यंत दिली नाही.

ती गेली आणि शेठची नखं वाढत राहिली. परवा मी गेलो तर पिंजऱ्यातल्या गोणपाटात नख अडकून तो उलटा लोंबकळत होता. पंख आपटत होता, पिसं उडत होती, पाय रक्ताने भरला होता. जयेश दारात नुसता उभा.

"अरे सोडव त्याला!"

"मामा, आई नको बोलली हाय..."

"आई मेली, जयेश!" मी ओरडलो. तोंडातून निघून गेलं खरं.

त्याने खिळ्यावरचा आक्काचा टॉवेल ओढला. शेठला गुंडाळताच चोच त्याच्या अंगठ्यात रुतली, रक्त मनगटावर आलं. मी सोडवायला धावलो.

"थांब मामा! चावू दे. ओढाओढीत छाती दाबली जाईल."

एका हाताने त्याने गोणपाटाची सुतळी कापली, नखाचं टोक काढलं, कानस फिरवली. शेठला पिंजऱ्यात ठेवलं आणि मग तिथेच फरशीवर बसून ढसाढसा रडला. अंगठा सोडून गाल चोळत होता.

"हळदीतली आईची चपराक... आता लागली, मामा."

जयेशच्या बायकोने टॉवेल धुवायला उचलला. त्याने तो तिच्या हातून काढून घेतला. आक्काच्या वाळलेल्या तपकिरी डागांना लागूनच त्याचा ओला, लाल डाग होता. त्याने टॉवेल तसाच खिळ्याला अडकवला.