आकाशात थांबलेली सहा विमानं

रिकामा रकाना मला सहन होत नाही. अर्ज कुठलाही असो, निदान "लागू नाही" तरी मी लिहितोच. याच सवयीने माझ्या चार महिन्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवलं.

एकोणपन्नासाव्या वर्षी, कॉलेजातली नोकरी सांभाळून मी पीएचडीला बसलो होतो. विषय असा, की जमिनीवरचा मनोरा आवाक्यात नसेल तेव्हा एका विमानाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला असा बिनतारी निरोप पुढे द्यायचा. खरी विमानं मला कोण देणार? म्हणून सगळं संगणकावर. हालचाली मात्र खऱ्याच हव्यात, हा माझा हट्ट. विमानं आपली जागा रेडिओवरून सतत सांगत असतात. ते ऐकणारा अँटेना मी विमानतळाजवळ, विश्रांतवाडीला मेहुण्याच्या गच्चीवर बसवला. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीने माझ्या अर्जावर तीन मीटिंगा घेऊन "चर्चा झाली" एवढंच लिहिलं होतं.

निकाल झकास आला. शंभरातले एक्क्याण्णव निरोप पोचत होते. मार्गदर्शक खूश. शनिवारी समितीपुढे मांडलं की मी प्रबंध लिहायला मोकळा.

बुधवारी बायको चहा घेऊन आली आणि पडद्यावरचे सरकते ठिपके बघत उभी राहिली.

"अहो, ही सहा हलत का नाहीत?"

"लांबून तसं वाटतं."

"लांबून? बाकीची पळतायत की. आणि ही दादाच्या घराजवळच आहेत."

मी चिडून आकडे उघडले. जमिनीवर उभं असलेलं विमान उंची सांगतच नाही, तो रकाना रिकामा येतो. तिथे मी इतर विमानांची सरासरी उंची भरून ठेवली होती. विमानतळावर उभी असलेली सहा विमानं मी नऊ किलोमीटर वर नेऊन टांगली होती, आणि ती तिथून हलत नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा निरोप तीच पुढे देत होती.

"म्हणजे आकाशात सहा मनोरेच बांधलेत तुम्ही," बायको म्हणाली. "चहा निवतोय."

ती सहा काढली. शंभरात अडतीस.

मार्गदर्शकांना फोन केला. ते माझ्याहून नऊ वर्षांनी लहान.

"समितीतलं कोण एवढं बघणार आहे, सर?"

"मी बघितलंय ना."

"मग शनिवार विसरा. आणखी सहा महिन्यांच्या नोंदी लागतील."

मेहुण्याला विचारणं भाग होतं. बहिणीकडून त्याला सगळं आधीच कळलेलं.

"ठेवा हो अँटेना, भावोजी. फक्त आमचं घर तेवढं जमिनीवर राहू द्या."

मुदतवाढीच्या अर्जात "विलंबाचे कारण" असा रकाना होता. तो मी भरला: रिकामी जागा अंदाजाने भरली. खिडकीवरच्या बाईंनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "कोणती? इथे तर सगळं नीट भरलंय."